बाळापूरचं जड पाणी आणि आतड्यातला साबण

तुमच्यापैकी कोणी अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातलं असेल, तर पुढचं वर्णन तुम्हाला नवं नाही. आमच्या बाळापूरकडे बोअरच्या पाण्यानं आंघोळ करताना साबण कितीही घासा, फेस धड येत नाही. उलट अंगावर आणि बादलीच्या कडेला एक पांढरट, चिकट थर बसतो. त्याच पाण्यात तुरीची डाळ लावली तर कुकरच्या शिट्ट्या मोजून माणूस कंटाळतो, दाणा काही मऊ होत नाही. घरात याला "पाणी जड हाय" म्हणतात. शाळेच्या पुस्तकात ते दुष्फेन पाणी झालं. आमच्या पाण्याच्या बाबतीत खरं तर दोन कारणं एकत्र आहेत. एक म्हणजे नुसता खारेपणा, त्यानंही साबण विरघळत नाही. दुसरं म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. साबणातल्या सोडियमची जागा कॅल्शियमनं घेतली की जो साबण तयार होतो तो पाण्यात विरघळतच नाही. बादलीच्या कडेचा पांढरा थर तो हाच, कॅल्शियमचा साबण.

या थराबद्दल लिहायचं कारण माझी मावशी. दिवाळीत घरी गेले तेव्हा तिनं मेडिकलमधून आणलेलं कॅल्शियमच्या गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. गुडघ्यासाठी असेल असं मला वाटलं. तर म्हणाली, "काऊन वं पोरी, ह्या गोयानं वजन उतरते म्हणते, खरं हाय काय? तू त याच्यातच शिकून रायली ना." कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता. त्यात सांगितलं होतं की कॅल्शियम पोटातल्या तेलाला धरून बाहेर काढतं. मावशीला दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता, त्यामुळे "घे, काही होत नाही" असं सहज म्हणून टाकणं मला जमेना. "वाचून सांगते" म्हटलं. पोषणशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या मुलीला हे उत्तर तोंडपाठ असायला हवं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. शोधत गेले तेव्हा दिसलं की व्हिडिओतलं वाक्य खोटं नाही, आणि तरी मावशीच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असंच आहे. या दोन गोष्टींच्या मधे शंभरएक वर्षांचं संशोधन आहे. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर ते पाहण्यासारखं आहे, म्हणून हा लेख.

सुरुवात साबणापासूनच करावी लागते. पॅरिसमध्ये मिशेल शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८११ च्या सुमारास डुकराच्या चरबीपासून केलेला साबण तपासायला घेतला. त्यातून वेगवेगळी आम्लं त्याला वेगळी करता आली. तेल-तूप-चरबी ही एक गोष्ट नसून ग्लिसरीन आणि फॅटी ॲसिड यांची जोडणी आहे, हे त्याच्या १८२३ च्या ग्रंथातून पक्कं झालं. (हा माणूस १०२ वर्षं जगला. आहाराशी त्याचा संबंध जोडू नका, मीही जोडत नाही.) पुढे १८४० च्या दशकात क्लोद बर्नारनं सशावर एक साधं निरीक्षण केलं. सशात स्वादुपिंडाची नळी आतड्यात बऱ्याच खाली उघडते. स्निग्ध अन्न दिल्यावर आतड्याच्या बाहेरच्या रसवाहिन्या दुधाळ दिसतात, पण सशात त्या नळीच्या खालीच दुधाळ होत्या, वर नव्हत्या. म्हणजे स्निग्ध पदार्थ शोषला जाण्याआधी स्वादुपिंडाचा रस त्याच्यात मिसळावा लागतो.

या दोघांचं एकत्र करा. आतड्यात तेल-तूप फुटतं आणि फॅटी ॲसिड मोकळी होतात. तिथेच जेवणातलं कॅल्शियमही असतं. दोघं भेटले की बादलीच्या कडेला जे होतं तेच आतड्यात होतं. त्यातही तूप, लोणी, पामतेल यांच्यातल्या पाल्मिटिक ॲसिडसारख्या संपृक्त आम्लांशी हे जास्त होतं. मोकळं पाल्मिटिक ॲसिड ६३ अंशाच्या आसपास वितळतं, म्हणजे शरीराच्या तापमानाला ते घट्टच असतं. त्यात कॅल्शियम चिकटलं की शोषण अवघड होतं आणि साबण शौचावाटे निघून जातो. व्हिडिओवाल्याचं एवढं बरोबर आहे.

आता गंमत पाहा. हा साबण पहिल्यांदा डॉक्टरांच्या डोळ्यात भरला तो वजनामुळे नाही, तान्ह्या बाळांमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत अडाल्बर्ट चेर्नी आणि आर्थर केलर हे बालरोगतज्ज्ञ वरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांचा एक आजार वर्णन करत होते. बाळ गाईचं दूध भरपूर पितं, तरी नीट वाढत नाही, आणि शी फिकट, कोरडी, घट्ट होते. तिला "साबणी शी" असंच नाव पडलं. न्यूयॉर्कमध्ये एल. एमेट होल्ट यांनी अँजेलिया कोर्टनी आणि हेलन फेल्स यांच्यासोबत १९१९-२० च्या सुमारास बाळांच्या दुधातली चरबी आणि कॅल्शियम किती आत जातं, किती बाहेर पडतं, याचे हिशेब एकत्र मांडले. त्या काळाची भीती कसली होती? मुडदूस, कुपोषण, बाळांचे मृत्यू. म्हणून त्या साबणाकडे नुकसान म्हणून पाहिलं गेलं, चरबीचंही आणि कॅल्शियमचंही. कोणाच्या मनात आलंही नसेल की एक दिवस लोक हाच साबण मुद्दाम तयार व्हावा म्हणून पैसे मोजतील.

तो बाळांचा धागा अजून तुटलेला नाही. आईच्या दुधात पाल्मिटिक ॲसिड बहुतेक करून ग्लिसरीनच्या मधल्या जागी बसलेलं असतं. पचनात कडेची आम्लं सुटतात, मधलं तसंच राहून शोषलं जातं. पावडरच्या दुधात घातलेल्या वनस्पती तेलात ते कडेला असतं, सुटतं आणि कॅल्शियमला भेटतं. १९९५ मध्ये क्विनलन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पावडरच्या दुधावरच्या बाळांची शी घट्ट होण्याचा या कॅल्शियम साबणाशी थेट संबंध आहे. रेणूतली एक जागा बदलली आणि बाळाला खडा झाला.

इथे एक पद्धतीची गोष्ट सांगून ठेवते, कारण प्रयोगशाळेत गेल्यावर ती तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही. शौचातली चरबी मोजायची म्हणजे वाळवून ईथरमध्ये काढायची, अशी जुनी रीत होती. पण कॅल्शियमचा साबण ईथरमध्ये येतच नाही. म्हणजे आपण जे शोधतोय तेच मोजमापातून निसटतं, आणि कागदावर मात्र "चरबी छान शोषली गेली" असं दिसतं. साबण आधी आम्लानं मोडावा लागतो, मग फॅटी ॲसिड मोकळं होतं आणि मोजता येतं. १९४९ मध्ये नेदरलँड्सच्या व्हान दे कामर आणि सहकाऱ्यांनी जी पद्धत दिली तिच्यात नमुना आधी अल्कलीबरोबर उकळतात, मग आम्ल घालतात, मग विद्रावकात काढून मोजतात. पुढे अनेक वर्षं दवाखान्यांतून हीच चालली. म्हणून या विषयावरचा कोणताही शोधनिबंध हातात आला की निष्कर्षाच्या आधी मी पद्धतीचं पान उघडते आणि बघते, यांनी साबण मोडला होता का? तुम्हीही ही सवय लावा. आणि हो, या अभ्यासांत लोकांना कित्येक दिवस आपली शौच डब्यात गोळा करून द्यावी लागते. दहा-बारा माणसांवरच का प्रयोग होतात, याचं उत्तर यात आहे.

आपल्याकडे कॅल्शियम आणि वजन हे दोन शब्द एकत्र आले तेही उलट्या दिशेनं. निलगिरीतल्या कुन्नूरला न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज होत्या, हैदराबादच्या आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं आधीचं रूप. तिथे डब्ल्यू. आर. एक्रॉइड आणि बी. जी. कृष्णन यांनी १९३० च्या दशकात भाताच्या साध्या जेवणावर वाढणाऱ्या मुलांना वरून काय दिलं तर फरक पडतो हे तपासलं. साय काढलेलं दूध देऊन पाहिलं, सोयाबीन देऊन पाहिलं. १९३८ मध्ये नर्सरी शाळेतल्या मुलांना कॅल्शियम लॅक्टेट देऊन पाहिल्याचा त्यांचा निबंध लॅन्सेटमध्ये आला. त्यांना पाहायचं होतं की मुलांची उंची आणि वजन वाढतं का. वाढतं, असं दिसलं. म्हणजे १९३८ च्या भारतात कॅल्शियमकडून वजन वाढवण्याची आशा होती, आणि माझ्या मावशीच्या मोबाइलमध्ये ते उतरवण्याची आहे. रसायन तेच. बदललं ते एवढंच की माणसांना कशाची चिंता आहे.

दिशा कधी फिरली? १९८४ मध्ये. आणि तीही वजनाच्या संशोधनातून नाही. अमेरिकेत डेव्हिड मॅकॅरन रक्तदाबावर काम करत होते. राष्ट्रीय आहार सर्वेक्षणाची आकडेवारी घेऊन त्यांनी दाखवलं की कॅल्शियम कमी खाणाऱ्यांचा रक्तदाब जास्त दिसतो. त्याच निबंधात ओघात आलेली एक नोंद होती, कॅल्शियम कमी खाणाऱ्यांचं वजनही जास्त दिसतं. ती जवळजवळ कोणी उचलली नाही. टेनेसी विद्यापीठातले मायकेल झेमेलही रक्तदाबाचाच अभ्यास करत होते. स्थूल पुरुषांना वर्षभर दही देऊन त्यांचं कॅल्शियम रोजच्या ४०० मिलिग्रॅमवरून १००० पर्यंत नेलं. रक्तदाबाचं जे व्हायचं ते झालं, पण शरीरातली चरबी सरासरी ४.९ किलोनं उतरलेली दिसली. हे निरीक्षण बरीच वर्षं पडून राहिलं आणि २००० साली उंदरांवरच्या प्रयोगांसोबत छापून आलं. झेमेल यांचं स्पष्टीकरण आतड्यातलं नव्हतं, चरबीच्या पेशीतलं होतं. कॅल्शियम कमी पडलं की शरीर ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप वाढवतं, त्यानं चरबीच्या पेशीत कॅल्शियम शिरतं आणि पेशी चरबी साठवायला लागते, असं ते होतं.

त्याच वर्षी ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठात रॉबर्ट हीनी यांच्या गटानं हाडांसाठी केलेल्या आपल्याच पाच जुन्या अभ्यासांची आकडेवारी पुन्हा उघडली. ७८० स्त्रिया. कॅल्शियम कमी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये वजन जास्त असण्याची शक्यता मोठी दिसली. पण त्याच निबंधातलं एक वाक्य नंतर फार कमी लोकांनी सांगितलं. माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकापैकी जेमतेम ३ टक्के फरक कॅल्शियमनं समजावता येत होता. उरलेले ९७ टक्के दुसऱ्याच कशाचे.

२००४ मध्ये झेमेल यांचा प्रयोग आला. ३२ स्थूल माणसं, २४ आठवडे, सगळ्यांना रोज ५०० कॅलरी कमी. साध्या गटाचं वजन ६.४ टक्के उतरलं, कॅल्शियमच्या गोळ्यांच्या गटाचं ८.६ आणि दुधाच्या पदार्थांच्या गटाचं १०.९. आकडे असे पायरीपायरीनं चढत गेले की कोणाचाही विश्वास बसावा. अमेरिकेच्या दूध उद्योगानं दिवसातून तीनदा दुधाचे पदार्थ खा आणि वजन घटवा अशी मोठी जाहिरात चालवली. झेमेल यांच्या कामाला डेअरी उद्योगाच्या संस्थेचा निधी होता आणि या दाव्याचं पेटंटही होतं. यावरून लगेच "विकलेलं संशोधन" म्हणून मोकळं होऊ नका. निधी कोणाचा हे पाहायचं ते निकाल फेकून देण्यासाठी नाही. दुसऱ्या कोणाच्या पैशानं, दुसऱ्या ठिकाणी तोच निकाल येतो का, हे शोधण्यासाठी पाहायचं.

तो आला नाही. २००७ मध्ये विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या प्रचंड अभ्यासाचा वजनाचा हिशेब प्रसिद्ध झाला. ३६,२८२ स्त्रिया, अर्ध्यांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, अर्ध्यांना साधी गोळी. सात वर्षांनी दोन्ही गटांतला फरक ०.१३ किलो. दोन आंब्यांइतकाही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या दबावाखाली वजन घटवण्याच्या त्या जाहिराती थांबल्या. २००९ मध्ये जॅक यानोव्स्की यांच्या गटानं ३४० जाड माणसांना दोन वर्षं रोज १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं. फरक नाही.

मग आतड्यातला साबण खोटा होता का? इथेच मी सर्वांत जास्त अडकले. कारण तो खोटा नाही. डॅलसमध्ये मार्गो डेन्के यांनी १९९३ मध्ये १३ पुरुषांचं कॅल्शियम ४१० वरून २२०० मिलिग्रॅमवर नेलं, तेव्हा खाल्लेल्या संपृक्त चरबीपैकी शौचावाटे जाणारा भाग ६ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेला. कोपनहेगनमध्ये २००५ साली १० माणसांवर आठवडाभराच्या आहारांत ५०० ऐवजी १८०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिल्यावर शौचातली चरबी दिवसाला ६ ग्रॅमवरून १४ वर गेली. (त्याच प्रयोगात कॅल्शियमबरोबर प्रथिनंही वाढवली तेव्हा मात्र ती ६ च्या आसपासच राहिली. एवढी साधी दिसणारी गोष्ट आतड्यात किती साधी नाही, ते यावरून पाहा.) २००९ मध्ये डेन्मार्कच्याच क्रिस्टेनसेन आणि सहकाऱ्यांनी असे प्रयोग एकत्र करून आकडा काढला. दुधाच्या पदार्थांतून कॅल्शियम रोज १२४१ मिलिग्रॅमनं वाढवलं तर सुमारे ५.२ ग्रॅम जादा चरबी बाहेर पडते.

आता वही घ्या. ५.२ ग्रॅम चरबी म्हणजे ४७ कॅलरी. आपल्याकडे भाजीवर तर्री किती येते ते तुम्हाला माहीत आहे, तिचा एक लहान चमचा. कागदावर वर्षाचा गुणाकार केला तर १७ हजार कॅलरी, म्हणजे दोन किलोच्या वर वजन. जाहिराती याच गुणाकारावर उभ्या असतात. पण १२४१ मिलिग्रॅम कॅल्शियम दुधातून घ्यायचं तर गाईचं जवळपास एक लिटर दूध लागेल, आणि त्यात साडेसहाशेच्या आसपास कॅलरी आहेत. जेवणातलं दुसरं काही कमी न करता ४७ बाहेर काढण्यासाठी ६५० आत घ्यायच्या. आणि गोळीतून घेतलं तरी माणूस म्हणजे बादली नाही. थोडी ऊर्जा कमी पडली की भूक सरकते, हालचाल बदलते. दिवसाला ४७ कॅलरी म्हणजे अर्ध्या भाकरीहूनही कमी, ती नकळत परत येते. यंत्रणा खरी असणं आणि परिणाम जाणवण्याइतका मोठा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवड्याच्या प्रयोगात शौचात जे दिसतं ते सात वर्षांनी काट्यावर दिसेलच असं नाही.

एक पळवाट उरते आणि ती महत्त्वाची आहे. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमधल्या स्त्रिया आधीच रोज सरासरी ११५० मिलिग्रॅम कॅल्शियम घेत होत्या. भरल्या हंड्यात पाणी ओतून हंडा भरत नाही असं म्हणण्यासारखंच ते. ज्यांचं कॅल्शियम मुळात फार कमी आहे त्यांचं काय? कॅनडातल्या क्यूबेकमध्ये अँजेलो ट्रेम्ब्ले यांच्या गटानं २००९ मध्ये ६३ जाड स्त्रियांवर १५ आठवड्यांचा प्रयोग छापला. सगळ्यांचा मिळून फरक नव्हता. पण रोज ६०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी घेणाऱ्या स्त्रियाच वेगळ्या काढल्या तर गोळीच्या गटाची चरबी जास्त उतरलेली दिसली, आणि त्यात भुकेचा भाग असावा असं त्यांना वाटलं. त्या स्त्रिया किती होत्या? १३. सात इकडे, सहा तिकडे. एवढ्या आकड्यावर मावशीला गोळी द्यायची का? मी देणार नाही. पण प्रश्न म्हणून तो चांगला आहे, आणि तो आपल्या भागाच्या जास्त जवळचा आहे.

आमच्या घरचा दिवस घ्या. तीनशे ग्रॅम ज्वारीच्या भाकरी, त्यात १०० ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या आत कॅल्शियम, म्हणजे ८०-९०. वरण किंवा चून, त्याचे ३०-४०. एक ग्लास पातळ ताक, साठेक. तिळाची चटणी चमचाभर असेल तर शंभराच्या वर उडी, अंबाडीची भाजी असेल तर आणखी. नसेल तर दिवसाचा हिशेब दोनशेच्या आतच थांबतो. ICMR या संस्थेनं, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, प्रौढांसाठी सांगितलेला आकडा १९८९ मध्ये ४०० होता, २०१० मध्ये ६०० झाला आणि २०२० मध्ये १००० वर गेला. नियम चढत गेला, ताट तिथेच राहिलं.

पण थांबा, या हिशेबात मी एक मोठी चूक केली आहे. पाणी धरलंच नाही. जड पाण्यात लिटरला शंभर मिलिग्रॅम कॅल्शियम असेल आणि माणूस वैशाखात तीन-चार लिटर पाणी पीत असेल, तर तीनशे-चारशे मिलिग्रॅम तिथूनच आलं. पाण्यातलं कॅल्शियम दुधातल्यासारखंच शोषलं जातं. आणि आता गावोगावी आरओचे जार आले आहेत, जे खारेपणासोबत कॅल्शियमही काढून टाकतात. म्हणजे एकाच गल्लीत, एकच भाकरी-चून खाणाऱ्या दोन घरांचं कॅल्शियम फक्त पाण्यामुळे दुपटीनं वेगळं असू शकतं. आहार सर्वेक्षणाचा फॉर्म बहुतेक वेळा "काय खाल्लं" विचारतो. आमच्याकडे त्यात "पाणी कुठलं प्यायलं" हा रकाना नसेल तर बाकीचे रकाने भरून फार उपयोग नाही. तुमच्यापैकी कोणी मन-म्हैसच्या काठावर असा अभ्यास करायला उतरलंच, तर हे आधी लिहून ठेवा.

महाराष्ट्रात कॅल्शियमवर खरं काम झालं ते पुण्यात, आणि ते वजन उतरवण्याचं नाही. केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भार बायांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधल्या बाळांचं ३.५. पण आपली हडकुळी दिसणारी बाळं स्नायूंत जितकी कमी होती तितकी चरबीत कमी नव्हती. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी लॅन्सेटमध्ये स्वतःचा शेजारीशेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. हा फोटो पाहिल्यावर "वजन उतरलं का" हा प्रश्नच आपल्यासाठी किती अपुरा आहे ते कळतं. काटा एकच आकडा सांगतो आणि आत दोन वेगळी शरीरं असतात.

याच सहा गावांत आगरकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी २००१ मध्ये दाखवलं की गरोदरपणी दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. २००६ मध्ये त्याच मुलांची सहाव्या वर्षी हाडं मोजली, तर कॅल्शियम असलेले पदार्थ जास्त वेळा खाल्लेल्या आयांच्या मुलांची हाडं जास्त भक्कम निघाली. वीणा एकबोटे, अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी गरीब घरच्या लहान मुलांना वर्षभर कॅल्शियम वाढवलेले लाडू दिले (२०११), हाडांतलं खनिज जास्त वाढलं. लाडू! मला हा अभ्यास त्या एका शब्दासाठी आवडतो. गोळी नाही, पावडर नाही, पोरगं हातात घेऊन खाईल अशी वस्तू. कुन्नूरच्या १९३८ च्या प्रश्नाचा धागा आपल्याकडे इथे पुढे आलेला दिसतो.

आता मावशीच्या मुतखड्याकडे येते, कारण मला खरी काळजी तिथे होती. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, म्हणून पूर्वी सरळ "दूध-दही बंद" सांगत. १९९३ मध्ये गॅरी कर्हान यांनी ४५,६१९ पुरुषांचा अभ्यास छापला. जेवणातून कॅल्शियम जास्त घेणाऱ्यांना खडे कमी झाले होते. कारण पुन्हा तेच, आतड्यातली भेट. जेवताना कॅल्शियम हजर असलं की ते ऑक्झलेटला तिथेच धरतं आणि बाहेर नेतं, मूत्रपिंडापर्यंत जाऊ देत नाही. १९९७ मध्ये त्याच गटानं स्त्रियांचा अभ्यास दिला. जेवणातलं कॅल्शियम राखतं, पण वरून घेतलेल्या गोळ्यांनी धोका थोडा वाढतो. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्येही, ज्या गोळीनं वजनात काही फरक पडला नाही, तिच्या गटात खडे मात्र १७ टक्क्यांनी जास्त झाले. तिथे कॅल्शियमसोबत ड जीवनसत्त्वही होतं, आणि आधीचं कॅल्शियम भरपूर होतं, हे लक्षात ठेवूनही आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आमच्या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराची भीती घराघरात आहे. तिथे "निदान नुकसान तर नाही ना" हे वाक्य कॅल्शियमच्या गोळीबद्दल म्हणता येत नाही.

तेलाचा मुद्दा राहिलाच. हे प्रयोग झाले ते लोणी, चीज, मांस खाणाऱ्या देशांत. आमच्याकडे पूर्वी करडई, जवस, भुईमुगाचं तेल होतं, आता बहुतेक घरांत सोयाबीनचं आहे. त्यांच्यात पाल्मिटिक ॲसिड बरंच कमी, म्हणजे साबण व्हायला मालही कमी. दुकानातल्या फरसाणाचं पामतेल सोडलं तर कोपनहेगनचा १४ ग्रॅमचा आकडा बाळापूरच्या ताटात शोधू नये.

संक्रांतीला पुन्हा घरी गेले तेव्हा मावशीला हे सगळं, अर्थात एवढं लांबवून नाही, सांगितलं. गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नको, खड्याचे कागद घेऊन डॉक्टरला दाखव, गुडघ्यासाठी लागल्या तर ते सांगतील. ताक जेवणासोबतच पी, दुपारी वेगळं नको. तिळाची चटणी चालू ठेव. ती तीळ भाजत होती, ऐकता ऐकता गॅस बारीक केला.

"म्हंजे पोटात साबन होते, हे खरं?"

"खरं."

"अन् वजन तसंच रायते?"

"जवळपास."

"मंग थो व्हिडिओ कोनं बनवला असन वं?" म्हणाली, आणि तीळ खाली-वर करायला लागली.